कोकणातल्या घरासाठी ऑटोमॅटिक कॉफी मशीन: निवड आणि निगा

आपण विचारले आहे की, पुण्याहून देवगडजवळच्या खाडीकाठच्या घरी कायमचे राहायला आल्यावर रोजच्या चार-पाच कपांसाठी पूर्ण ऑटोमॅटिक कॉफी मशीन घ्यावे का, ६०,००० रुपयांच्या आत कोणते घ्यावे, त्यातले क्षार किती दिवसांनी काढावेत आणि जून-जुलैत घर बंद असताना त्याचे काय करावे. घरी विहिरीचे पाणी आहे, एप्रिलनंतर ते मचूळ होते, आणि दुबईला असलेला भाचा तिकडून मशीन आणून देऊ शकतो, हेही आपण लिहिले आहे. ही शेवटची दोन वाक्ये आपण सहज लिहिली असतील, पण माझ्या उत्तराचा बराचसा भाग त्यांच्यावरच बेतलेला आहे.

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या घरांत आणि होमस्टेंमध्ये कॉफीची मशीन बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करतो आहे. मशीनसोबत येणारी पुस्तिका वाचली तर असे वाटते की कॉफी मशीनचा एकच शत्रू आहे आणि तो म्हणजे पाण्यातला क्षार. ही यंत्रे प्रामुख्याने युरोपात घडली, तिथल्या मोठ्या भागात चुनखडीतून झिरपणारे कठीण पाणी येते, त्यामुळे पुस्तिका लिहिणाऱ्यांचे काही चुकत नाही. पण आपल्याकडे जमीन जांभ्याची. जांभ्यातून येणारे गोडे पाणी मुळात मऊ असते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या मशीनपैकी क्षाराने निकामी झालेली फार थोडी होती. बाकीची आत राहिलेल्या ओलाव्याने, खाऱ्या वाऱ्याने आणि विजेच्या चढउताराने गेली. म्हणून “कोणते मशीन चांगले?” या प्रश्नाऐवजी “कोणते मशीन मला माझ्या हातांनी उघडता, धुता आणि वाळवता येईल?” हा प्रश्न घेऊन दुकानात जावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, गणपतीसाठी घर उघडायला आलेल्या एका कुटुंबाने मला बोलावले. मशीन जेमतेम दीड वर्षाचे होते आणि मेअखेरीस ते नुसते बटण बंद करून निघाले होते. चोथ्याचा डबा ओढला तर आतल्या चकत्यांवर कापसासारखी पांढरी-हिरवी बुरशी चढून त्यांचा एकच गोळा झाला होता. वरच्या डब्यात राहिलेल्या कॉफीच्या बिया दाताखाली कडकन् फुटायला हव्यात, त्या चिवट होऊन नुसत्या चेपत होत्या. ब्रू युनिट, म्हणजे ज्यात पूड दाबून कॉफी उतरवली जाते तो आतला भाग, जागच्या जागी अडकले होते, कारण त्यावरचे ग्रीस कॉफीच्या पुडीशी मिसळून लुकणासारखे घट्ट झाले होते. मागचे झाकण काढल्यावर तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या पिनेवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक दिसला. त्यामुळे सर्किटला चुकीचे तापमान कळत होते आणि मशीन चालू होताच दिवे लुकलुकवून थांबत होते. क्षाराचा मात्र कुठे मागमूस नव्हता. कनेक्टर बदलून, सर्किट अल्कोहोलने पुसून, सगळे उकलून धुतल्यावर ते चालू झाले आणि आजही चालू आहे. जाण्यापूर्वी एक तास दिला असता तर हा सगळा खर्च वाचला असता.

आता मशीन काय करते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे निवडीमागचे कारण कळेल. ग्राइंडर एका कपापुरत्या, म्हणजे साधारण ७ ते ११ ग्रॅम बिया दळतो. पूड ब्रू युनिट नावाच्या, मुठीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या भागात पडते, तिथे ती दाबली जाते आणि पंप तिच्यातून गरम पाणी ढकलतो. मग ते युनिट चोथ्याची चकती करून डब्यात टाकते. म्हणजे ओली पूड, तेलकट कॉफी आणि उष्णता ही तिन्ही त्या एका भागात रोज एकत्र येतात. बाहेर ३० अंश तापमान आणि पावसाळी दमट हवा असताना तिथे बुरशी धरायला दोन-तीन दिवस पुरतात. डेलाँगी, फिलिप्स किंवा गॅजियाच्या घरगुती मशीनमध्ये हे युनिट दार उघडून हाताने बाहेर काढता येते आणि नळाखाली धरता येते. स्विस यूराच्या मशीनमध्ये ते आत बंदिस्त असते आणि सफाईची गोळी टाकून मशीन ते स्वतः धुते. यूराचे काम अत्यंत नेटके असते आणि कोरड्या हवेच्या शहरात मी ते आनंदाने सुचवीन. पण खाडीकाठच्या घरात जो भाग मला डोळ्यांनी पाहता येत नाही आणि उन्हात नाही तरी वाऱ्यावर वाळवता येत नाही, तो मला नको. तेव्हा पहिली अट: ब्रू युनिट निघणारे हवे.

दुसरी अट दुधाची. आपल्या अंदाजपत्रकात दूध आपोआप फेसाळणारी मशीनही येतात. त्यांपैकी ज्यांत दूध बारीक रबरी नळीतून खेचले जाते, ती कोकणच्या उन्हाळ्यात सांभाळणे कठीण जाते, कारण नळीत राहिलेले थेंब तासाभरात आंबू लागतात आणि आतून नळी पुसता येत नाही. ज्यांत दुधाचे भांडे दोन तुकड्यांत सुटते आणि नळीच नसते, किंवा ज्यांत साधी वाफेची नळी असते, ती घ्यावीत. घरी रतिबाचे दूध असेल तर ते तापवून, गार करून, साय पूर्ण काढून आणि गाळून मगच वापरावे. सायीचा एक पापुद्राही झडप बंद करायला पुरतो. दूध थेट फ्रिजमधले थंडगार असावे. फेस दुधातल्या प्रथिनांमुळे धरतो आणि थंड दुधाला तापेपर्यंत फेसाळायला अधिक वेळ मिळतो, इतके साधे ते गणित आहे.

बाकी ज्या गोष्टींची जाहिरात होते, त्यांना मी फारसे महत्त्व देत नाही. पंप १५ बारचा की १९ बारचा यावर कॉफीची चव ठरत नाही, कारण पुडीतून पाणी जाताना दाब ९ बारच्या आसपास असावा लागतो. ग्राइंडर सिरॅमिकचा असो वा पोलादी, घरगुती वापरात दोन्ही पुष्कळ वर्षे चालतात. बारा प्रकारची पेये देणाऱ्या मशीनमध्ये घरचे लोक शेवटी दोनच बटणे दाबतात. ते पैसे वाचवून चांगला स्टॅबिलायझर घ्यावा.

भाच्याने दुबईहून आणायच्या मशीनबद्दल. तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे मशीन इथे व्यवस्थित चालेल. फरक फक्त पिनेचा. तिकडची पिन तीन चपट्या दांड्यांची असते आणि लोक तिला बाजारातला अॅडॅप्टर जोडतात. तसे करू नये. १,५०० वॅटचे मशीन साडेसहा अँपिअर वीज ओढते, सैल अॅडॅप्टर तापतो आणि वितळतो. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा आपला प्लग बसवून घ्यावा. अमेरिकेतून आलेल्या मशीनला मात्र माझा स्पष्ट नकार असतो. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळवता येतात, पण घरगुती मशीनचा पंप विजेच्या हर्ट्झच्या तालावर धडधडतो आणि ट्रान्सफॉर्मर तो ताल बदलू शकत नाही. दुबईच्या मशीनचा खरा तोटा वॉरंटीचा आहे. आपल्या मशीनसाठी माणूस बहुधा कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईहून येणार, नाहीतर मशीन तिकडे पाठवावे लागणार. म्हणून इथे घेताना पैसे देण्याआधी कंपनीला फोन करून आपला पिनकोड सांगावा, माणूस घरी येतो का ते विचारावे आणि सुटे ब्रू युनिट व रबरी रिंगांचा संच कितीला मिळतो तेही विचारून ठेवावे. या प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही तर मशीन कितीही चांगले असले तरी पुढे जावे. खोका आणि त्यातला थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावा. त्याशिवाय मशीन बसने किंवा रेल्वेने धड पोहोचत नाही.

घ्यावे की नाही, हे मात्र आपल्या घरच्या सवयींवर अवलंबून आहे आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. रोज चार-पाच कप होत असतील आणि घरातले एक माणूस रोज पाच मिनिटे देणार असेल, तर निर्धास्त घ्यावे. उलट, कॉफी आठवड्यातून दोनदा पाहुणे आले की होणार असेल, तर मशीन नुसते उभे राहील. आणि कोकणात उभे राहिलेले मशीन चालत्या मशीनपेक्षा लवकर बिघडते, कारण रोजच्या तापण्याने आतला ओलावा निघून जातो. तशा घरात कॅप्सूलचे मशीन अधिक टिकाऊ ठरते. त्यात ग्राइंडर नसतो आणि पूड हवाबंद असते. पण प्रत्येक कपाला पैसे जास्त पडतात, कॅप्सूल कुरिअरने मागवाव्या लागतात आणि रिकाम्या कॅप्सूलचा कचरा गावात कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो.

आता पाणी, कारण आपल्या बाबतीत हाच सगळ्यात नाजूक भाग आहे. काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घटक मोजणारे छोटे उपकरण, आधी घ्यावा. वरच्या सड्यावरच्या विहिरींचे पाणी माझ्या मीटरवर बहुधा १०० च्या खालीवर येते आणि ते कॉफीला छान असते. खाडीकाठच्या विहिरींत मात्र उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी उतरली की खारे पाणी आत शिरते आणि तोच आकडा ८०० च्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले घटक लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि क्लोराइड २५० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. जिभेला पाणी मचूळ लागले तर क्लोराइड त्या मर्यादेच्या आसपास पोहोचले असे समजावे. इथेच मोठा गैरसमज आहे. मशीनच्या टाकीत बसवायची फिल्टरची कांडी कॅल्शियम कमी करते. मिठातले क्लोराइड ती काढत नाही. डिस्केलिंगनेही, म्हणजे द्रावण फिरवून क्षार काढल्यानेही, त्याचे काही होत नाही, कारण क्लोराइड थर धरून बसत नाही, ते गरम झालेल्या स्टीलला बारीक छिद्रे पाडत जाते आणि एक दिवस हीटरच्या सांध्यातून पाणी झिरपू लागते. मीठ काढायला आरओच लागतो.

पण नुसते आरओचे पाणीही योग्य नाही. त्यात टीडीएस २०-३० पर्यंत उतरले की कॉफी पाणचट आणि बेचव लागते, कारण बियांमधला स्वाद ओढून घ्यायला पाण्यात थोडे खनिज असावे लागते. काही मशीनमधले पाण्याचे सेन्सरही खनिजाशिवाय पाणी ओळखत नाहीत. मी असे सुचवतो की एप्रिल-मेमध्ये आरओच्या पाण्यात वरच्या वाडीतल्या गोड्या विहिरीचे, उकळून गाळलेले पाणी मिसळावे आणि मीटरवर ८० ते १५० च्या मध्ये आणावे. दिवाळीनंतर, आपली विहीर भरलेली आणि गोडी असताना, तिचेच पाणी गाळून चालेल. जांभ्याच्या काही विहिरींत लोह असते. बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यावर तांबूस तवंग दिसला तर ते पाणी मशीनला देऊ नये.

डिस्केलिंगचे उत्तर यातूनच येते. मशीनला पाणी कठीण आहे की मऊ ते कळत नाही. ते फक्त किती लिटर पाणी गेले ते मोजते आणि आपण नोंदवलेल्या कठीणपणानुसार दिवा लावते. बहुतेक मशीन सर्वांत कठीण पाण्यावर लावलेली येतात. सोबत मिळणारी कागदी पट्टी पाण्यात बुडवून, तिच्यावरचे चौकोन पाहून सेटिंग बदलावे, म्हणजे दिवा उगाच लागणार नाही. आपल्या पाण्याला वर्षातून दोनदा डिस्केलिंग पुरेसे आहे: एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी. त्यासाठी कंपनीचे द्रावण वापरावे. समईला आमसूल चोळले की ती लखलखते, म्हणून आंबट ते सगळे चालते असा आपल्याकडे समज आहे. पण मशीनच्या आत रबर आणि अॅल्युमिनियमही असते, आणि व्हिनेगर रबरी रिंगा कडक करते, शिवाय त्याचा वास आठवडाभर कपात येत राहतो.

विजेबद्दल थोडे. वीज १८० व्होल्टपर्यंत उतरली की १,५०० वॅटचा हीटर जेमतेम ९२० वॅट देतो, म्हणजे मशीन तापायला वेळ लागतो आणि कॉफी कोमट व आंबटसर उतरते. लोक मशीनला दोष देतात. दोष तारेतला असतो. दोन-तीन केव्हीएचा स्टॅबिलायझर लावावा. घरचा नेहमीचा छोटा इन्व्हर्टर हा भार पेलत नाही, त्यामुळे मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नये. कातळात अर्थिंग नीट लागत नाही. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून ते तपासायला सांगावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा, कारण इथे पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा. कप भरता भरता वीज गेली तर ब्रू युनिट अर्ध्या वाटेत थांबते. अशा वेळी दार उघडून ते ओढायला जाऊ नये. वीज आल्यावर मशीन चालू करावे, ते युनिट स्वतः जागेवर आणते. ओढाताण करून दाते तुटलेली युनिट मी पुष्कळ पाहिली आहेत. याच कारणासाठी रोज मशीन त्याच्या बटणानेच बंद करावे आणि मगच भिंतीवरचा स्विच.

बियांची काळजी थोडी वेगळी. कॉफीला पाणी ओढून घेण्याची किती हौस आहे हे पाहायचे असेल तर आपल्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, मंगळूरकडे पाहावे. तिथल्या गोदामांत कच्ची कॉफी पावसाळी वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे पसरून ठेवतात. ती फुगते, फिकट होते, तिचा आंबटपणा जातो, आणि मॉन्सून्ड मलबार म्हणून जगभर विकली जाते. कच्च्या बीवर जाणूनबुजून केलेले हे काम भाजलेल्या बीवर आपल्या स्वयंपाकघरात नकळत झाले तर ती बी वाया जाते. म्हणून डब्यात एका दिवसापुरत्याच बिया घालाव्यात आणि बाकीच्या हवाबंद बरणीत ठेवाव्यात. एका वेळी २५० ग्रॅमहून जास्त मागवू नयेत. चिकमगळूर किंवा कोडगूच्या मध्यम भाजलेल्या अरेबिका या मशीनला उत्तम. फार काळ्या भाजलेल्या, तेलाने चमकणाऱ्या बिया डब्याच्या भिंतीला चिकटतात आणि ग्राइंडरपर्यंत उतरतच नाहीत. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड किंवा इन्स्टंट कॉफी मशीनवरच्या, तयार पूड घालायच्या खिडकीतून कधीही टाकू नये. पाणी लागताच तिचा चिकट लगदा होतो आणि ब्रू युनिटची जाळी बंद पडते. चिकोरीची कॉफी आवडत असेल तर पितळी फिल्टर घरात असू द्यावा, त्याला तोड नाही. दळण बारीक-जाड करायची चकती फक्त ग्राइंडर फिरत असतानाच हलवावी.

रोजच्या पाच मिनिटांत तीन कामे होतात: चोथा आणि ट्रे रिकामा करून पुसणे, दुधाचे भांडे धुणे, टाकीतले उरलेले पाणी ओतून देणे. रात्री चोथ्याचा डबा आणि बाजूचे दार उघडे ठेवावे. झुरळांची भीती वाटत असेल तर दारावर पातळ सुती कापड टाकावे, पण आतला ओलावा कोंडू नये. आठवड्यातून दोनदा, आणि पावसाळ्यात एक दिवसाआड, ब्रू युनिट काढून कोमट पाण्याखाली धरावे. साबण लावू नये, कारण तो ग्रीस काढतो. सुमारे दोन महिन्यांनी सरकत्या भागांवर खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा थेंब बोटाने पसरावा. मशीनची जागाही विचारपूर्वक ठरवावी: समुद्राच्या बाजूच्या खिडकीपासून आणि शेगडीपासून दूर, आणि पडवीत तर मुळीच नाही.

शेवटी आपला जून-जुलैचा प्रश्न. निघण्याच्या दोन दिवस आधी डिस्केलिंग करून दोन टाक्या साधे पाणी जाऊ द्यावे. बिया संपवाव्यात, उरलेले दाणे वॅक्युम क्लिनरने ओढून घ्यावेत आणि ग्राइंडरच्या तळाची पूड मऊ ब्रशने झाडावी. काही मशीनमध्ये आतले पाणी काढून टाकण्याची सोय असते, ती वापरावी. नसेल तर टाकी रिकामी करून पुस्तिकेत सांगितले असेल तितकाच वेळ वाफ सोडावी. फिल्टरची कांडी काढून टाकावी. ब्रू युनिट धुऊन, दोन दिवस पंख्याखाली वाळवून, कापडात गुंडाळून वेगळे ठेवावे. ते मशीनच्या आत ठेवून जाऊ नये. टाकी उपडी ठेवावी, दारे उघडी ठेवावीत, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकाव्यात आणि वरून सुती चादर घालावी. प्लास्टिकमध्ये बांधू नये, कारण थोडा जरी ओलावा आत राहिला तरी तो तिथेच मुरतो. मशीन भिंतीपासून हातभर लांब, आतल्या खोलीतल्या टेबलावर असावे, कारण पावसाळ्यात भिंत आतून पाझरते. गणपतीआधी परत आल्यावर घाई न करता आधी दिवसभर पंखा लावावा, मग युनिट बसवावे, ताजे पाणी भरून दोन टाक्या रिकाम्या कराव्यात आणि पहिले दोन कप कॉफीचे ओतून द्यावेत. तिसरा कप प्यावा.